पंचवीस पिक्सेलची पट्टी

सप्टेंबर २०११ मधल्या एका सोमवारी संध्याकाळी पाच वाजता अश्लेषा खांबेटेने एक बटण दाबलं आणि साडेतीन हजार व्हिडिओ एका मापात आले. त्यातले अडतीस तसे यायला नको होते. हे तिला मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कळलं.

नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये काचेच्या एका सात मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर तिची कंपनी होती. धंदा घरबसल्या शिकवण्याचा. कोणीही शिक्षकाने वेबसाइटवर वर्ग उघडावा, पाठ चढवावेत, मुलांनी ते आपापल्या गावी बसून पाहावेत. व्हिडिओ मात्र कंपनीकडे नसत. ते दुसऱ्या एका मोठ्या साइटवर असत आणि वर्गाच्या पानात ते दाखवणाऱ्या चार ओळी चिकटवलेल्या असत. गोम त्या चार ओळींतच होती.

कारण त्या चिकटवायची एकच तऱ्हा नव्हती. जुन्या शिक्षकांनी जुना, दुहेरी कोड टाकलेला होता. एकाच व्हिडिओचा पत्ता त्यात दोन ठिकाणी असे आणि दोन्ही ठिकाणी तो सारखाच असेल याची खात्री नसे. नव्यांनी नवा, एका ओळीचा चौकटीचा कोड टाकला होता. काहींनी नुसती लिंक ठेवून दिली होती. काहींनी कुठूनतरी शिकून चौकोनी कंसात पत्ता लिहिला होता. आणि मेरठच्या एका रसायनशास्त्राच्या मास्तरांनी सगळा कोड आधी वर्डमध्ये टाइप करून मग इथे आणला होता, त्यामुळे त्याची अवतरणचिन्हं वाकडी झाली होती आणि ती कोणत्याच ब्राउझरला कळत नव्हती. व्यक्ती तितक्या प्रकृती. अश्लेषाने तीन महिने खपून एक प्लगिन लिहिलं होतं. त्याचं काम एवढंच: पान उघडलं की त्यातला व्हिडिओचा कोड कोणत्या साच्यातला आहे ते ओळखायचं, आतला पत्ता तेवढा काढून घ्यायचा आणि त्याजागी आपली एकसारखी चौकट बसवायची. रुंदी सहाशे चाळीस, उंची तीनशे साठ. सगळ्यांना तीच.

चाचणीच्या वेळी अडतीस व्हिडिओ वेगळे निघाले होते. त्यांची उंची पंचवीस लिहिलेली होती. अडतीसच्या अडतीस एकाच वर्गात, अंबादास सरांच्या. अश्लेषाने विचार केला, अडीचशे लिहायचं असेल, शून्य राहिलं; एकदा राहिलं आणि मग माणूस तेच तेच चिकटवत गेला. तिने नियम घातला: उंची शंभराच्या खाली असेल तर ती चूक समजावी.

त्यातला एखादा व्हिडिओ उघडून बघावा, हे तिला सुचलं नाही असं नाही. बघता येत नव्हता. व्हिडिओच्या धंद्यातल्या त्या कंपनीत व्हिडिओच्या साइट बंद होत्या. लोक कामाच्या वेळात सिनेमाची गाणी बघतात म्हणून. कोड लिहिणाऱ्यांना चौकटीच्या जागी राखाडी डबा दिसे. खरं चित्र दिसणारं मशीन सपोर्टच्या टेबलावर एकच, आणि त्यावर सहा माणसांचा नंबर लागलेला.

अंबादास सरांना ती ओळखत होती, म्हणजे आवाजाने ओळखत होती. ऑफिसात मराठी वाचणारी तीच एकटी. टीम लीड सुजय मुंबईचा, पण तो कॉन्व्हेंटमधला, त्याला मराठी बोलता येई, वाचायचा कंटाळा. त्यामुळे मराठीतली तक्रार आली की ती अश्लेषाकडे. अंबादास सरांची पत्रं महिन्यातून दोनदा यायची. ‘महोदया’ने सुरू होणारी आणि ‘कळावे’ने संपणारी, मधे एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही. तीही ‘आदरणीय सर’ लिहून उत्तर देई. पुण्यात शाळेत असताना बाईंना लिहिलं होतं त्यानंतर तिने कोणाला असं मराठी लिहिलं नव्हतं.

सरांचा वर्ग राज्यघटनेचा, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी, मराठी माध्यम. दर रविवारी चढणारे, चौदा-चौदा मिनिटांचे पाठ. अकराशे चाळीस मुलं: बीड, परभणी, वाशिम इथली, आणि दिल्लीत येऊन मुनिरक्यात एका खोलीत चौघं राहणारी. इंदिरापुरमच्या आपल्या फ्लॅटवर भाजी चिरताना अश्लेषा ते पाठ लावून ठेवी. चित्र नसेच (ते त्या राहिलेल्या शून्यामुळे, असं तिने धरलं होतं), फक्त खेळव-थांबवायची बारीक पट्टी आणि आवाज. सावकाश, घोटीव, जरा खर्जातला. उदाहरणं तर अशी की ऐकतच राहावं. कायद्यापुढची समानता शिकवताना ते म्हणाले होते, “समजा एका इमारतीला दोन दरवाजे आहेत. एकातून गाड्या येतात, एकातून माणसं. पहारेकरी दोघांनाही थांबवतो. पण गाडीची काच खाली होत नाही. समानता कुठे थांबली? फाटकापाशी नाही. काचेपाशी.” तिला वाटायचं, निवृत्त प्राचार्य असणार. पांढरे केस, सोनेरी काडीचा चष्मा.

प्लगिन लागू करण्याआधी तिने सगळ्या शिक्षकांना कळवलं होतं. अंबादास सरांचं उत्तर आलं: “महोदया, नव्या व्यवस्थेचे स्वागत आहे. एकच विनंती. माझ्या वर्गात पट्टी आहे तशी राहू द्यावी. कळावे.”

तिने पान उघडलं. वर पिवळी पट्टी होती, ‘भारतीय राज्यघटना – मराठी माध्यम’ लिहिलेली. तिने उत्तर धाडलं: “आदरणीय सर, पट्टी आहे तशीच राहील. काळजी नसावी.” आणि ती पट्टी खरोखरच तशी ठेवली.

मंगळवारी ती खुर्चीवर बसते न बसते तोच सुजयने सपोर्टच्या टेबलावरून हाक मारली. “अश्लेषा, इकडे ये जरा. तुझ्या त्या सरांच्या वर्गात एकसष्ट कॉमेंट आल्यात. एका रात्रीत. एरवी महिन्याला पाच नसतात, यार.”

ती गेली. पडद्यावर सहाशे चाळीस बाय तीनशे साठची स्वच्छ चौकट होती, तिनेच बनवलेली. चौकटीत एक माणूस बसला होता. गडद निळा गणवेश, खांद्यावर पिवळी दोरी, छातीवर सिक्युरिटी एजन्सीचा बिल्ला. समोर उघडं रजिस्टर, त्याला दोरीने बांधलेलं पेन. मागे लिफ्टचं दार आणि दारावर चिकटवलेला कागद: पहिल्या शंभर शिक्षकांना एक वर्ष मोफत. कागदावर त्यांच्याच कंपनीचं बोधचिन्ह.

“अरे,” सुजय म्हणाला, “हा तर आपला दासजी!”

अश्लेषाने खुर्चीची पाठ धरली. अंबादास. दास. दासजी. खालच्या लॉबीत टेबलामागे बसणाऱ्या त्या गार्डला सगळी इमारत दासजी म्हणत होती. ती त्याला बंगाली समजत होती. पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगितलं, उडिया असेल, तर मग उडिया. पाच मिनिटांपूर्वी ती त्याला म्हणाली होती, “दासजी, मेरा कार्ड घर पे रह गया.” आणि तो म्हणाला होता, “कोई बात नहीं मैडम, रजिस्टर में लिख दीजिए.”

सुजयने बटण दाबलं. तोच आवाज. सावकाश, खर्जातला. “समजा एका इमारतीला दोन दरवाजे आहेत...”

“मराठी आहे हा?” सुजय खुर्चीत मागे रेलला. “दोन वर्षं मी याच्याशी माझं ते बांद्र्याचं हिंदी झाडतोय. आणि एकदाही हसला नाही, मान गये.” मग त्याचा चेहरा बदलला. “पण ऐक, हे ड्यूटीवर शूट केलंय. आपल्या लॉबीत. इमारतीच्या ॲडमिनला कळलं ना, तर एजन्सी त्याला तासाभरात उचलेल.”

“आणि वर्ग?”

“वर्ग कसला? हे टेबल गेलं की कुठे बसून करणार तो?”

अश्लेषा पानाकडे बघत होती. वर तिने जपून ठेवलेली पिवळी पट्टी, खाली उघडा पडलेला माणूस. आणि मग तिला ती दुसरी पट्टी आठवली. पंचवीस पिक्सेल म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढी उंची. चौकट तेवढीच ठेवली की चित्र मावत नाही. फक्त खेळव-थांबवायची पट्टी उरते आणि आवाज येतो. शून्य राहिलेलं नव्हतं. त्या माणसाने अडतीस वेळा हाताने पंचवीस लिहिलं होतं. वर आणखी पत्र पाठवून सांगितलं होतं की ही पट्टी राहू द्या, आणि आपण ‘काळजी नसावी’ लिहिलं.

ती सुजयकडे वळली.

“सुजय, मला दहा मिनिटं दे. उंची तीसच्या खाली असेल तर चौकट लावायची नाही, जसं आहे तसं सोडायचं. एका ओळीची अट आहे.”

“रिलीज गुरुवारी असतं. प्रोसेस आहे आपली.”

“माझ्या नावावर टाक. गुरुवारी बोलणी खाईन.”

सुजयने तिच्याकडे पाहिलं आणि मशीनची खुर्ची सोडली. “टाक. मी काही बघितलं नाही.”

नऊ चाळीसला पट्टी परत आली. तोवर चारशे बारा मुलांनी ते पान पाहिलेलं होतं.

अकराला, गर्दी ओसरल्यावर ती खाली उतरली. एकसष्ट कॉमेंट तिने छापून घेतल्या होत्या आणि कुरिअरच्या पाकिटात घातल्या होत्या. दासजी रजिस्टरमध्ये पट्टीने रेघा आखत होते. जवळून पाहिलं तर माणूस पस्तिशीचा होता. केस काळे, चष्मा नाही.

“सर,” ती म्हणाली.

तो चटकन उठून उभा राहिला आणि मागे वळून पाहिलं. मागच्या लिफ्टमधून कोणी साहेब आला असेल असं त्याला वाटलं. लिफ्टचं दार बंद होतं. तो पुन्हा तिच्याकडे वळला.

“जी मैडम?”

“सर, तुमचं चित्र दिसलं.” ती मराठीत म्हणाली. “वर्गात. माझ्या चुकीने.”

त्याने पेनाचं टोपण लावलं. मग तो बसला. बोलला तेव्हा तो घोटीव आवाज त्या गणवेशातून येताना पाहून अश्लेषा पुन्हा दचकली.

“किती जणांना?”

“चारशे बारा.”

“किती वेळ?”

“काल पाचपासून आज नऊ चाळीसपर्यंत. आता बंद केलंय.”

“मी पट्टी राहू द्या म्हटलं होतं.”

“मी वरची पिवळी पट्टी समजले.”

“ती पिवळी? ती तुमच्या कंपनीची. मी कधी मागितली होती ती?” तो म्हणाला, आणि त्याच दमात तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहून, “हाँ जी, कहाँ जाना है? छठी मंज़िल? यहाँ नाम, यहाँ नंबर. टाइम भी डालिए, भाई साहब.”

पाहुणा लिफ्टमध्ये गेला. अश्लेषाने विचारलं, “तुम्हाला माहीत होतं? ते मेल लिहिणारी म्हणजे मी, हे?”

“तुम्ही रोज इथे सही करता, मॅडम. अश्लेषा खांबेटे नावाच्या बायका नोएडात अशा किती असतील?”

“मग बोलला का नाहीत?”

“वर तुम्ही आदरणीय सर लिहिता. खाली दासजी म्हणता. दोन्ही नीट चाललं होतं. एकाने दुसऱ्याला ओळख दाखवली असती की दोन्ही बंद. आणि खरं सांगायचं तर इथे मला मराठीत कोणी पत्र लिहीत नाही.”

तिने पाकीट पुढे केलं. “मुलांनी लिहिलंय. वाचलंच पाहिजे असं नाही.”

त्याने कागद काढून रजिस्टरखाली सरकवले आणि खिशातून लाल पेन काढलं. “संध्याकाळी जाताना घेऊन जा.”

दिवसभर अश्लेषाचं कामात लक्ष नव्हतं. दुपारी दोनदा ती चहाच्या निमित्ताने खाली गेली. एकदा तो लिहीत होता. दुसऱ्यांदा तो नुसताच बसला होता आणि बाहेर काचेपलीकडे नव्या टॉवरची क्रेन फिरत होती तिकडे पाहत होता. वर येऊन तिने वर्गाचा आकडा बघितला. सकाळी अकराशे चाळीस होता. आता एक हजार बावीस.

सहाला त्याने पाकीट परत दिलं. शेअर ऑटोत बसल्या बसल्या तिने ते उघडलं.

त्याने कॉमेंट उत्तरपत्रिकेसारख्या तपासल्या होत्या. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलेले, समासात बारीक सुवाच्य अक्षरात शेरे. एकाने लिहिलं होतं, ‘हा तर वॉचमन निघाला.’ शेरा: ‘वॉचमन नव्हे, सुरक्षा रक्षक. परीक्षेत अधिकृत संज्ञाच लिहावी.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘मुनिरक्यात चौकशी केली, हा माणूस चार अटेम्प्टमध्ये फेल आहे.’ शेरा: ‘चार नव्हे, पाच. माहिती तपासून मगच लिहावी.’ तिसऱ्याची तक्रार वेगळीच होती: ‘सर कोणी का असेनात, एवढा मोठा व्हिडिओ नको, नेट कार्ड दोन दिवसांत संपतं.’ शेरा: ‘पट्टी पूर्ववत केली आहे.’ शिवी दिलेल्या एकाला त्याने फक्त लिहिलं होतं, ‘वाक्यात क्रियापद नाही.’

अश्लेषा ऑटोत एकटीच हसली. शेजारच्या बाईने पर्स छातीशी धरली.

आणि मग चव्वेचाळिसावी कॉमेंट आली. वैभवी नावाच्या मुलीची. मुनिरक्यात राहते, तिसरा प्रयत्न, असं तिच्या नावाखाली होतं. तिने एवढंच लिहिलं होतं: ‘सर, तुम्हाला इतकं येतं. मग आमचं काय होणार?’

तिथे एकही दुरुस्ती नव्हती, समास कोरा होता. कागदावर फक्त लाल शाईचा एक ठिपका होता, पेनचं टोक टेकवून उचलल्याचा.

रात्री जेवण झाल्यावर तिने साठ उत्तरं टाइप करून सरांच्या नावाने त्यांच्या जागी टाकली. चव्वेचाळिसाव्यासमोर कर्सर लुकलुकत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर, आठलाच आली. लॉबीत कोणी नव्हतं.

“एक राहिलं, सर.”

“माहीत आहे.” तो उठला नाही. “तुम्हाला काय वाटलं, मॅडम? मला गणवेशाची लाज वाटते म्हणून पट्टी?”

तिला तेच वाटलं होतं.

“लाज कसली? महिन्याचा पगार वेळेवर देणारी नोकरी आहे. ती पट्टी त्या मुलीसाठी होती. मुलं नुसता आवाज ऐकतात आणि ठरवून टाकतात, हा माणूस पास झालेला असणार. ठरवू देत. अभ्यासाला बळ येतं त्याने. पण हे दिसलं ना,” त्याने छातीवरच्या बिल्ल्याला बोट लावलं, “की पुस्तक बाजूला राहतं आणि गणित सुरू होतं. याला एवढं येतं आणि हा इथे, मग मी कुठे? मुख्य परीक्षा साडेपाच आठवड्यांवर आहे. या गणिताची ही वेळ आहे का?”

अश्लेषाला काल पडद्यासमोर बसला त्याहून मोठा धक्का आता बसला. आपण एका माणसाला उघडं पाडलं असं ती समजत होती. प्रत्यक्षात तिने चारशे बारा मुलांना, त्यांनी न विचारता, रस्त्याचं एक टोक दाखवलं होतं. आणि हे सगळं एक चूक नीट करायची म्हणून.

“मी तिला काहीतरी लिहू का?” ती म्हणाली. “चांगलं, धीर देणारं?”

“काय लिहिणार? ‘यश तुमचंच आहे’? तसले बोर्ड करोल बागेत प्रत्येक क्लासच्या जिन्यात आहेत. तिने प्रश्न मला विचारलाय.” त्याने रजिस्टर उघडून तारीख टाकली. “तुमच्या त्या साच्यात एका पाठाला वेगळं माप देता येतं का?”

“काही करावंच लागणार नाही. तुम्ही कोडमध्ये उंची तीनशे साठ लिहा. चौकट आपोआप लागेल.”

“म्हणजे रविवारच्या पाठाला पट्टी नको.”

ती हादरली. “सर, आत्ता बंद केलंय सगळं. परत चित्र गेलं तर कोणीतरी ॲडमिनपर्यंत पोचवणारच. सुजय म्हणाला, एजन्सी तासाभरात...”

“मला माहीत आहे एजन्सी काय करते. मी तिथे सहा वर्षं आहे.” तो पहिल्यांदाच किंचित हसला. “फाटकं काय कमी पडलीत, मॅडम? गुडगावपासून फरीदाबादपर्यंत रोज एक नवीन उठतंय. प्रत्येकाला टेबल लागतं आणि टेबलामागे माणूस.”

“पण रविवारची रिकामी लॉबी मिळेल का तिथे?”

दारातून तिसऱ्या मजल्यावरचं टोळकं आत शिरलं. त्याने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. “दासजी, क्या हाल?” त्यातला एक म्हणाला. “बढ़िया, सर जी,” दासजी म्हणाले.

गुरुवारी अश्लेषाने नियम मोडल्याबद्दल बोलणी खाल्ली, ठरल्याप्रमाणे. शुक्रवारी वर्गात नऊशे दहा मुलं होती. शनिवारी आठशे एकाहत्तर. वैभवीचं नाव अजून यादीत होतं. शेवटचं कधी आली होती, त्या रकान्यात मात्र मंगळवारच होता.

सोमवारी सकाळी लॉबीतल्या टेबलामागे दुसराच गार्ड होता. अश्लेषाने त्याला काही विचारलं नाही. ती जिन्याने धावत चढली आणि सपोर्टच्या मशीनवर बसलेल्या मुलाला म्हणाली, “उठ, प्लीज. पाच मिनट.” कानाला हेडफोन लावून तिने वर्ग उघडला.

एकोणचाळिसावा पाठ रविवारी दुपारी चढला होता. उंची तीनशे साठ.

गणवेश इस्त्रीचा होता. त्याने आधी काही क्षण नुसतं समोर पाहिलं, फोनकडे. पहिले अडतीस पाठ तो खाली रजिस्टरमध्ये बघत बोलला होता.

“नमस्कार. एक प्रश्न आला आहे. मला इतकं येतं, मग तुमचं काय होणार. उत्तर देतो. मी मुख्य परीक्षा पाच वेळा दिली. दोनदा मुलाखतीपर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी अकरा गुणांनी राहिलो. त्यानंतर हे.”

त्याने फोन उचलला. चित्र हललं, तिरकं झालं. टेबल दिसलं, रजिस्टर दिसलं, दोरीला बांधलेलं पेन. मग खुर्ची, खुर्चीखालची पाण्याची बाटली आणि डबा. मग काचेचं दार आणि बाहेरचा रिकामा रस्ता, उन्हात उभी क्रेन. तो घाई करत नव्हता. प्रत्येक वस्तूवर दोन-तीन सेकंद थांबत होता, मुलांनी लिहून घ्यावं तसं.

“एवढंच आहे. नीट बघून घ्या. तुमचं काय होणार, मला माहीत नाही. माहीत आहे असं जो सांगेल त्याच्या क्लासला जाऊ नका. परीक्षेला बसणारे लाखांत असतात, यादीत नावं हजाराच्या आत. बाकीचे मरत नाहीत. ते कुठेतरी असतात आणि त्यांना जे आलेलं असतं ते त्यांच्यापाशी राहतं. मी इथे आहे. हे पाहून ज्यांना वर्ग सोडावासा वाटतो त्यांनी आजच सोडावा, परीक्षा होईपर्यंतचे दिवस वाया घालवू नयेत. त्यात कमीपणा नाही.”

फोन पुन्हा टेबलावर टेकला. तो खुर्चीत बसला, रजिस्टर बाजूला सारलं आणि खालून जाड, कडा झिजलेलं पुस्तक वर घेतलं.

“राहिलेल्यांनी वही काढावी. अनुच्छेद एकोणीस.”

अश्लेषाच्या खांद्यावर कोणीतरी थोपटलं. सुजय होता. त्याने तिचा एका कानाचा हेडफोन वर उचलला.

“ॲडमिनचा फोन होता. कोणीतरी दाखवलं त्यांना. दासजीला फरीदाबादला टाकलंय, कुठल्याशा कारखान्याच्या गेटवर. तू ऐकतेयस का? अश्लेषा?”

तिने टेबलावरची कोरी वही ओढली, सपोर्टची होती, कोणाची ते पाहिलंही नाही, आणि हेडफोन परत कानावर दाबला.

“थांब,” ती म्हणाली, “सरांचा तास चालू आहे.”